एका युद्धाची तीन नावे

पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराचे रामेश्वर मंदिर आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते बांधले. त्याच्या दर्शनी तटावर एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. नाशिकमध्ये एखादा फार मोठ्याने बोलू लागला की त्याला 'नारोशंकराची घंटा' म्हणण्याची रीत आहे, ती या घंटेवरूनच पडली. परंतु ही घंटा मुळात मंदिरासाठी ओतलेली नव्हे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ती खूण मानली जाते. तिच्यावर १७२१ हे साल असल्याचे सांगतात. अशा घंटा महाराष्ट्रात आणखीही आहेत. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूला हाती घेतलेल्या मरियामातेची आकृती आजही स्पष्ट दिसते.

एकच धातू आणि एकच नाद. पण तो ऐकून एकाला मराठ्यांचा पराक्रम आठवतो आणि दुसऱ्याला ओस पडलेली चर्चे. वसईकडील आमच्या वाचकांना तर हे वेगळे सांगायला नको. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात या दोन्ही आठवणी एकाच ओटीवर बसलेल्या असतात आणि त्यांचे आपसांत फारसे भांडणही नसते. मात्र १७३९ चा साक्षीदार आज कोणी उरलेला नाही. बखरी आहेत, पत्रे आहेत, घंटा आहेत. 'त्या दिवशी मी तेथे होतो' असे म्हणणारा कोणी नाही. त्यामुळे त्या युद्धाविषयीच्या दोन आठवणींना समोरासमोर आणण्याचे काम इतिहासकाराचेच राहिले आहे.

ज्या युद्धांचे साक्षीदार अजून हयात आहेत त्यांची गोष्ट निराळी. तेथे इतिहासकाराच्या बरोबरीने, कधी त्याच्या आधीही, चित्रपटकार पोहोचू शकतो. परस्परविरोधी वैयक्तिक आठवणी एकाच अनुबोधपटात आणून ठेवण्याचा प्रकार गेल्या साठ वर्षांत जगभर रुजला आहे. त्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत, तो विशेषतः १९६१ च्या गोव्याच्या संदर्भात. कारण त्या युद्धाच्या आठवणी आपल्या समाजात, एकाच धर्मग्रामात, कधी एकाच कुटुंबात दुभंगलेल्या आहेत.

नाशिककरांनी हा विषय परका मानू नये. इंदिरानगरहून मुंबई-आग्रा महामार्गाने पाथर्डी फाट्याकडे निघाले की थोड्याच वेळात पांडवलेण्यांचा डोंगर येतो आणि त्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक. ख्रिस्तचरित्रावरील मूकपट मुंबईत पाहून ज्यांच्या मनात आपल्याही देवादिकांना पडद्यावर आणण्याची कल्पना आली, ते हे फाळके. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी एका कुंडीत पेरलेल्या दाण्याची वाढ दिवसामागून दिवस चित्रित केली होती, हे मात्र थोड्यांच्या लक्षात असते. जे घडते आहे ते घडते तसे टिपावे, ही अनुबोधपटाची मूळ प्रेरणा तेथे आहे. दुसऱ्या दिशेला देवळालीची छावणी आणि तोफखान्याचे विद्यालय. त्यापलीकडे ओझरचा कारखाना, जेथे मिग जातीची लढाऊ विमाने तयार झाली. कॅमेरा आणि तोफ या दोन्हींशी या शहराचा जुना संबंध आहे.

स्वातंत्र्यानंतर युद्धाची चित्रे जनतेला दाखवण्याचे काम मुख्यतः सरकारने केले. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि प्रत्येक चित्रपटगृहाला खेळाआधी तिचा वृत्तपट किंवा अनुबोधपट दाखवणे बंधनकारक झाले. आमच्या पिढीतील वाचकांच्या कानांत तो निवेदकाचा धीरगंभीर आवाज अजून घुमत असेल. त्याचा तो ठाम सूर, त्याला साजेसे संगीत, आणि मध्ये कोणाही व्यक्तीचा शब्द नाही. सैनिक दिसत, पण बोलत नसत. गावकरी हात हलवीत, पण बोलत नसत. हा त्या काळच्या यंत्रसामग्रीचाही दोष होता. जागेवर आवाज आणि चित्र एकाच वेळी टिपणारी हलकी उपकरणे तेव्हा सहज मिळत नव्हती. पण ती हाती येताच याच संस्थेत १९६७ साली एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय ॲम ट्वेंटी' हा अनुबोधपट केला. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या वीस वर्षांच्या तरुणांना त्यांनी देशाविषयी बोलते केले. एक जण अभिमानाने बोलतो, तर दुसरा मला या देशाचे काही वाटत नाही असे सरळ सांगतो, आणि निवेदक मध्ये पडत नाही. सरकारी खर्चाने विरोधी मते शेजारीशेजारी बसलेली पाहणे हा तेव्हाच्या प्रेक्षकाला नवाच अनुभव होता. युद्धाच्या आठवणींना मात्र ही मोकळीक मिळाली नाही.

आता गोव्याकडे वळू.

घटना थोडक्यात अशी. १९४६ च्या १८ जूनला मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया यांनी सविनय कायदेभंगाचे रणशिंग फुंकले. लोहिया ज्यांच्या असोळणे येथील घरी पाहुणे म्हणून आले होते ते डॉ. ज्युलियांव मिनेझिस ख्रिस्ती होते. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक मानले जाणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य हेही ख्रिस्तीच. १९५५ च्या १५ ऑगस्टला भारतातून गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातून गेलेलेही होते. अखेर १९६१ च्या डिसेंबरात भारताने सैन्य धाडले. मोहिमेचे एकंदर सूत्रचालन पुण्याच्या दक्षिण विभागाचे प्रमुख जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे होते आणि गोव्यात शिरणाऱ्या फौजेचे नेतृत्व मेजर जनरल कँडेथ यांच्याकडे. हे कँडेथ मूळचे तोफखान्याचे अधिकारी. १८ डिसेंबरला पहाटे हालचाल सुरू झाली, १९ ला सकाळी पणजी हाती आली आणि त्याच संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. सुमारे छत्तीस तासांचे हे युद्ध. भारताचे २२ आणि पोर्तुगालचे तीसच्या आसपास जवान त्यात कामी आले. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले.

या घटनाक्रमाविषयी फारसा वाद नाही. आठवणी मात्र ठायीठायी फुटतात.

पहिली आठवण लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांची. १९५५ च्या नोव्हेंबरपासून पुढली सहा वर्षे या दोघांनी प्रथम आंबोलीच्या आणि नंतर कॅसल रॉकच्या जंगलात राहून 'स्वातंत्र्याचा आवाज' हे गुप्त नभोवाणी केंद्र चालवले. ते पोर्तुगीज आणि कोंकणी अशा दोन भाषांत बोलत. आंबोली आज सहलीचे ठिकाण झाले आहे. त्या काळी तेथे पावसाचे चार महिने ट्रान्समीटर कोरडा ठेवणे हेच एक व्रत असावे. १९ डिसेंबरला त्यांना विमानातून गोव्यावर नेण्यात आले आणि ध्वनिक्षेपकावरून त्यांनी गोवा मुक्त झाल्याचे खाली असलेल्या लोकांना सांगितले. पुढे दोघे विवाहबद्ध झाले. लिबियाबाईंना २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या लेखी त्या दिवसाचे नाव मुक्ती हे आहे, आणि ते नाव त्यांनी सहा वर्षांच्या वनवासाने कमावलेले आहे.

दुसरी आठवण भारतीय नौदलाची. अंजदीव बेटावर उतरलेल्या तुकडीवर गोळीबार झाला आणि सात नौसैनिक मृत्युमुखी पडले. शरणागतीचे पांढरे निशाण दाखवून मग गोळ्या झाडल्या, असे नौदलाच्या कथनात नमूद आहे. हीच गोष्ट बेटावर शरण गेलेला पोर्तुगीज शिपाई कशी सांगेल, हे त्याला विचारल्यावाचून चित्र पुरे होत नाही. मुरगावच्या बंदराबाहेर 'आफोन्सो द आल्बुकेर्क' या जुन्या पोर्तुगीज युद्धनौकेची 'बेतवा' आणि 'बिआस' या भारतीय नौकांशी चकमक झाली, तिचेही असेच. तोफांचे किती गोळे लागले, पांढरे निशाण केव्हा चढले, याचे हिशेब दोन्हीकडे वेगवेगळे ठेवलेले आहेत. मात्र जखमी पोर्तुगीज कप्तान आरागांव यांना भारतीय नौदलाचे अधिकारी पणजीच्या रुग्णालयात जाऊन भेटले, ही हकिकत भारतीय नौदलाच्याच आठवणींत जपली गेली आहे.

तिसरी आठवण पराभूताची, आणि आमच्या मते ती सर्वांत गुंतागुंतीची. १४ डिसेंबरला सालाझार यांनी लिस्बनहून तारेने कळवले होते की शरणागती होता कामा नये. पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी असतील नाही तर मृत. वासालो इ सिल्व्हा यांनी ती आज्ञा मोडली आणि हजारो माणसे, तशीच पणजी-मडगावसारखी गावे, वाचवली. तिकडे लिस्बनची वर्तमानपत्रे निकराच्या लढाईच्या बातम्या छापत होती. सैनिक १९६२ च्या मे महिन्यापर्यंत गोव्यातील छावण्यांत अडकून राहिले, कारण त्यांना परत न्यायला त्यांचेच सरकार उत्सुक नव्हते. मार्चमध्ये फोंड्याच्या छावणीतून पळून जाण्याचा एक प्रयत्न फसला. त्यानंतर प्राणावर बेतण्यासारखा ताण निर्माण झाला होता. तो फेरैरा दा सिल्व्हा या येशूसंघीय लष्करी धर्मगुरूंच्या मध्यस्थीने निवळला. मायदेशी परतल्यावर या सैनिकांचे स्वागत लष्करी पोलिसांनी केले. पुढील वर्षी वासालो इ सिल्व्हा यांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले. १९७४ च्या एप्रिलमधील क्रांतीनंतरच त्यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये ते गोव्यात आले, तेव्हा ज्यांच्यापुढे त्यांनी शस्त्रे ठेवली होती त्या देशात त्यांचे आदराने स्वागत झाले. अशा माणसाच्या मनात भारतीय सैन्याविषयी अधिक कटुता असेल की लिस्बनविषयी? हा प्रश्न निवेदकाने स्वतः सोडवू नये, तो त्या पिढीच्या तोंडूनच यायला हवा.

चौथी आठवण आपल्या समाजाला अडचणीची वाटते, म्हणूनच ती सांगितली पाहिजे. मोन्सिन्योर मोंतेरो नावाचे कांदोळीचे एक धर्मगुरू होते. १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने गोव्यात जन्मलेल्यांना भारतीय नागरिक ठरवले, पण ज्यांना आपले पूर्वीचे नागरिकत्व ठेवायचे असेल त्यांना तसे जाहीर करण्यास महिन्याभराची मुदत दिली. मोंतेरो यांनी पोर्तुगीज राहणे पत्करले. पुढे वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपली, तो त्यांनी वाढवून घेतला नाही, आणि परकी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे म्हणणे असे की गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, जिनिव्हा करारान्वये व्यापलेल्या प्रदेशातील रहिवाशाला हद्दपार करता येत नाही, आणि मी तर माझ्या जन्मगावातच राहतो आहे. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या निकालपत्राद्वारे, हे म्हणणे फेटाळले. गोवा भारतात विलीन झाल्यावर लष्करी ताबा ही अवस्था संपली, असे न्यायालयाने ठरवले. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल योग्यच होता, असे आम्हांस वाटते. परंतु सारे आयुष्य ज्या गावात गेले त्याच गावात परकी ठरलेल्या एका धर्मगुरूची आठवण निकालपत्राने मिटत नाही. आणि त्यांच्या एकट्याच्या हट्टावरून साऱ्या ख्रिस्ती समाजाला पोर्तुगालधार्जिणे ठरवणाऱ्यांनी मिनेझिस, कुन्य, पीटर अल्वारिस आणि लिबिया लोबो यांची नावे विसरण्याचे कारण नाही.

अशा चार आठवणी एका चित्रपटात आणायच्या तर कशा? श्याम बेनेगल यांनी १९८५ साली 'त्रिकाल' या कथापटात १९६१ चे एक गोमंतकीय घराणे दाखवले. दोन तपांनी गावी परतणाऱ्या एका माणसाच्या स्मरणातून ते उलगडते. पण तो कथापट. तेथे दिग्दर्शक आठवणी स्वतः रचू शकतो. अनुबोधपटाला ती सवलत नाही. त्याची वाट पाहायची तर परदेशांतील तीन कृतींचा विचार करावा लागतो.

पहिली मार्सेल ओफ्युल्स यांची १९६९ मधील कृती, जिच्या नावाचा अर्थ 'दुःख आणि करुणा' असा आहे. क्लेरमाँ-फेराँ या एकाच फ्रेंच शहरातील जर्मन अंमलाच्या आठवणी तिने चार तासांहून अधिक वेळ मांडल्या. प्रतिकारात भाग घेणारे ग्राव्ह बंधू हे शेतकरी त्यात आहेत. हिटलरच्या फौजेत स्वखुशीने दाखल झालेला द ला माझिएर हा सरदारपुत्र आहे. त्या शहरात नेमणुकीवर असलेला जर्मन कप्तानही आहे. त्याची मुलाखत त्याच्या कन्येच्या विवाहसमारंभात घेतलेली आहे आणि तो आपली पदके लावून बसलेला आहे. ओफ्युल्स या माणसांना एकमेकांसमोर बसवून वाद घालायला लावत नाहीत. प्रत्येकाला ते त्याच्या घरी, त्याच्या माणसांत बोलू देतात आणि नंतर संकलनाच्या टेबलावर एकाचे वाक्य दुसऱ्याच्या वाक्याशेजारी ठेवतात. खोटे बोलणारा बहुधा स्वतःच उघडा पडतो. सारा फ्रान्स प्रतिकार करीत होता, अशी जी सोयीची समजूत युद्धानंतर रूढ झाली होती तिला या चित्रपटाने धक्का दिला. फ्रेंच दूरचित्रवाणीने तो १९८१ पर्यंत दाखवला नाही.

दुसरी कृती क्लोद लान्झमान यांची 'शोआ', १९८५ मधील, साडेनऊ तासांची. ज्यूंच्या संहाराविषयीच्या या चित्रपटात जुनी युद्धचित्रे मुळीच नाहीत, फक्त माणसे आणि जागा आहेत. त्यातला एक प्रसंग ख्रिस्ती वाचकाने डोळे उघडे ठेवून पाहावा असा आहे. पोलंडमधील खेल्मनो या गावी चर्चसमोर श्रेब्निक हे त्या छावणीतून वाचलेले ज्यू गृहस्थ उभे आहेत. पवित्र मरियेच्या जन्माचा सण आहे. भोवती गावकरी जमले आहेत, ते श्रेब्निकना ओळखतात, लहानपणी ते कसे गात असत हे कौतुकाने सांगतात. मिरवणूक बाहेर पडते. आणि मग याच चर्चमध्ये ज्यूंना कोंडले होते हे बोलता बोलता निघते, आणि हे त्यांच्या वाट्याला का आले याची जी कारणे तेथे सांगितली जातात ती ऐकून अंगावर काटा येतो. श्रेब्निक काही बोलत नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर एक विचित्र स्मित तेवढे आहे. पोलंडमध्ये या चित्रपटाविरुद्ध मोठा गदारोळ उठला. पोलिश ख्रिस्ती लोकांनी जीव धोक्यात घालून ज्यूंना लपवले, तेही लान्झमान यांनी पुरेसे दाखवले नाही, ही तक्रार आम्हांस अगदीच निराधार वाटत नाही. पण चर्चसमोरील ती काही मिनिटे कोणत्याही तक्रारीने पुसली जात नाहीत.

तिसरी कृती गोव्याशी अधिक जवळची. १९६१ मध्येच अंगोलात पेटलेले आणि पुढे गिनी-बिसाव व मोझांबिकमध्ये पसरलेले युद्ध पोर्तुगालने १९७४ पर्यंत रेटले. झ्वाकीं फुर्तादो या पत्रकाराने त्यावर पोर्तुगीज दूरचित्रवाणीसाठी २००७ पासून एक प्रदीर्घ मालिका सादर केली. तिचे नाव नुसतेच 'युद्ध'. पण त्याखाली तीन विशेषणे ओळीने येतात: वसाहतीचे, सागरापारचे, मुक्तीचे. पोर्तुगीज राजवट त्याला सागरापारच्या प्रांतांचे युद्ध म्हणत असे, तिचे विरोधक वसाहतीचे युद्ध म्हणत आणि आफ्रिकेतील लढवय्ये मुक्तीचे युद्ध. फुर्तादो यांनी तिन्ही नावे ठेवली आणि तिन्ही नावांनी बोलणाऱ्या माणसांना, पोर्तुगीज सैनिकांना तसेच गनिमी लढवय्यांना, पडद्यावर आणले. नाव निवडले की निम्मा न्याय आधीच होऊन जातो, ही गोष्ट त्यांनी शीर्षकातच मान्य केली आहे. गोव्यातही हेच आहे. आपण मुक्ती म्हणतो. पोर्तुगीज लष्करी परंपरेत त्याला आक्रमण म्हणतात. आणि आपल्याकडील अधिकृत नाव 'ऑपरेशन विजय' हे, त्यात मुक्ती आणि आक्रमण यांपैकी काहीच नाही.

भारतात या वाटेने सर्वांत दूर गेलेले चित्रपटकार आनंद पटवर्धन हे मुंबईचे. त्यांचा 'जंग और अमन' २००२ मध्ये पुरा झाला. मे १९९८ मध्ये पोखरणला आणि त्यापाठोपाठ पाकिस्तानात चगाईला अणुस्फोट झाले, तेथून त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पोखरणजवळच्या खेतोलई गावातील लोक, जादुगोड्याच्या युरेनियम खाणींभोवतालचे आदिवासी, सीमेपलीकडील सामान्य पाकिस्तानी, हिरोशिमाच्या स्फोटातून वाचलेले वृद्ध, असा तो प्रवास आहे. पाकिस्तानातील एका शाळेत मुली अणुबाँबवर वादविवाद करतात. बाँबच्या बाजूने तडफेने बोललेल्या मुलींना पटवर्धन नंतर विचारतात, तेव्हा त्या हसत हसत सांगतात की त्या बाजूला टाळ्या अधिक मिळतात. एवढ्या दोन मिनिटांत युद्धज्वर कसा पैदा होतो हे जितके समजते तितके जाड ग्रंथांतून समजणार नाही.

या चित्रपटाच्या अमेरिकेतील भागात आमच्या विषयाचा गाभा आहे. १९९५ मध्ये हिरोशिमाच्या घटनेला पन्नास वर्षे झाली. त्यानिमित्त वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने, ज्या विमानातून बाँब टाकला ते 'इनोला गे' मांडून, शेजारी हिरोशिमाच्या वस्तू ठेवण्याचे योजले होते. त्यांत एका शाळकरी मुलीचा जळून कोळसा झालेला जेवणाचा डबाही होता. निवृत्त सैनिकांच्या संघटनांनी प्रखर विरोध केला. बाँब पडला नसता तर जपानवर स्वारी करताना आपण मेलो असतो, ही त्या म्हाताऱ्या सैनिकांची प्रामाणिक आठवण होती. तिला खोटी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु तिला जागा मिळावी म्हणून त्या डब्याला बाहेर काढण्यात आले. प्रदर्शन रद्द झाले, संचालकांनी राजीनामा दिला आणि विमानाचा सांगाडा तेवढा प्रेक्षकांपुढे राहिला. दोन आठवणी एका दालनात मावू शकत नाहीत, असे एका बलाढ्य लोकशाही राष्ट्राने ठरवले.

आपल्याकडे तरी निराळे काय झाले? सेन्सॉर मंडळाने 'जंग और अमन'मध्ये अनेक ठिकाणी कात्री लावण्याची मागणी केली. पटवर्धन न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही काट न देता चित्रपट दाखवण्यास मान्यता दिली. या कृतीविषयी आमचे एक मत आहे, ते सांगून टाकतो. पटवर्धन स्वतः निवेदन करतात आणि आपली शांततावादी भूमिका लपवत नाहीत. तो त्यांचा प्रामाणिकपणाच होय. पण त्यांच्या चित्रपटात बाँबचे समर्थक बहुधा व्यासपीठावर भेटतात आणि विरोधक घरात. व्यासपीठावरचा माणूस भाषण करतो, घरातला माणूस आठवतो. भाषण आणि आठवण यांची जोड समान होत नाही. ओफ्युल्स त्या जर्मन कप्तानाला लग्नघरात भेटले, म्हणून तो माणूस म्हणून दिसला आणि म्हणूनच अधिक भयंकर वाटला. कारगिलमध्ये मुलगा गमावलेल्या आणि तरीही युद्ध योग्यच होते असे मानणाऱ्या बापाला त्याच्या ओसरीवर बसून ऐकायला हवे. देवळालीच्या परिसरात, तोफांच्या सरावाचा आवाज ऐकत निवृत्तीचे दिवस काढणाऱ्या माणसांकडे १९६५ आणि १९७१ च्या अशा कितीतरी आठवणी असतील.

गोव्याच्या बाबतीत असे काम करू इच्छिणाऱ्या तरुणांना, आणि आपल्या समाजात आज हाती कॅमेरा घेणारे तरुण थोडे नाहीत, काही व्यावहारिक गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली भाषेची. वृद्ध गोमंतकीय ख्रिस्ती माणूस १९६१ विषयी पोर्तुगिजमध्ये एक सांगतो आणि कोंकणीत दुसरे. इंग्रजीत तर तो वर्तमानपत्रच बोलतो. ज्या भाषेत त्याने त्या दिवशी घरात आईशी बोलणे केले त्या भाषेत त्याला ऐकावे. दुसरी गोष्ट कागदाची. आठवण प्रामाणिक असूनही चुकते. तारखा सरकतात, दुसऱ्याने सांगितलेले स्वतः पाहिलेले वाटू लागते. म्हणून बोलणाऱ्याला न तोडता, त्याच्या कथनाशेजारी तार, निकालपत्र, जहाजाची नोंदवही ठेवावी. फिल्म्स डिव्हिजन आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेली आहे. तिच्या जुन्या वृत्तपटांत त्या काळची दृश्ये आहेत, पण ती पुराव्यासारखी वापरायची तर ती कोणी आणि कोणासाठी टिपली हेही प्रेक्षकाला सांगावे लागेल. तिसरी गोष्ट, दोन आठवणींची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. 'दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे' असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. १९५५ मध्ये निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, ही गोष्ट कोणाच्याही आठवणीने कमी होत नाही. आणि मोंतेरो यांचे घरात राहून परके होणे हेही नाही.

आणि घाई करावी. १९६१ मध्ये वीस वर्षांचा असलेला मनुष्य आज ऐंशीच्या पलीकडे गेला आहे. मुंबईच्या गोमंतकीय कुडांत, रेल्वे, छावणी आणि छापखान्याच्या नोकऱ्यांमुळे नाशिकरोड-देवळालीला येऊन राहिलेल्या कुटुंबांत, पोर्तुगालमधील उपनगरांत अशी माणसे विखुरलेली आहेत. १९ डिसेंबरच्या त्या विमानातून काय सांगितले गेले, हे लिबियाबाईंनी अनेकदा सांगितले आहे आणि ते नोंदलेही गेले आहे. खाली अंगणात, बाजारात, छावणीच्या कुंपणाआड उभे राहून ज्यांनी ते ऐकले, त्यांना तो आवाज कोणाचा वाटला, हे अजून विचारता येण्यासारखे आहे.